हजेरीपटावरची आत्या

७ जुलै, सोमवार

करिअर प्लॅनिंगचे सर आज सोडून गेले. दुसरीकडे चांगली नोकरी लागली म्हणून. या कोर्सचा कुणाला उपयोग होतो, याचा आमच्या विभागाकडे आलेला हा पहिलाच पुरावा.

उमाकांत सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते विभागाचे प्रमुख. मूळचे बेळगावचे, त्यामुळे काम कानडीत सांगतात आणि रागावतात मराठीत. आज दोन्ही भाषा झाल्या. आमचे सर्टिफिकेट कोर्स चार: करिअर प्लॅनिंग, स्टडी स्किल्स, इटालियन आणि पॅरालीगल. ऑगस्टमध्ये विद्यापीठाची तपासणी आहे. प्रत्येक वर्गात किमान पंधरा डोकी नसतील तर तो कोर्स बंद. "आणि कोर्स बंद झाल्यावर समन्वयक ठेवून काय करायचं?" असं म्हणून ते समन्वयकाकडे, म्हणजे माझ्याकडे, बराच वेळ बघत राहिले. शिवाय करिअर प्लॅनिंग आता मीच शिकवायचं. वय अडतीस, आजवर पाच नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. विषयाचा अनुभव नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

आजची डोकी: करिअर सात, स्टडी स्किल्स पाच, इटालियन सहा, पॅरालीगल अकरा.

९ जुलै

माहितीपुस्तिकेच्या चोविसाव्या पानावर नियम सापडला. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना फी माफ, संख्येचं बंधन नाही. लिहिणाऱ्याने माझ्यासारखा माणूस डोळ्यांपुढे धरला नसावा.

घरी आल्यावर गोदूआत्याला विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय सहासष्ट. तिचं लग्न राहून गेलं. आजोबांनी कारखान्यात असताना के. आर. पुरमला हे घर बांधलं, त्यात आता ती आणि मी, दोघंच. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणतात आणि भांडण झालं की तिच्याकडे येतात.

"आत्या, आमच्या कॉलेजात तुझं नाव घालू का? चार कोर्स आहेत. यायचं वगैरे काही नाही, नुसतं नाव."

ती घेवड्याच्या शिरा काढत होती. "नाव घालायचं आणि जायचं नाही? आणि मग?"

"मग काही नाही. पंधरा भरतात."

"किती वाजता असतं?"

मी हसून सोडून दिलं.

१६ जुलै

हजेरीपट तयार. मूळ प्रत माझ्या कपाटात, त्यामुळे शिकवणाऱ्यांना त्यांचीच चार टाळकी दिसतात. आत्या चारही कोर्सला. पुण्याचा शुभंकरदादा आणि अंजलीवहिनी चारही कोर्सला, त्यांना कळवलेलं नाही. आईकडची सहा माणसं, त्यातली दोन दुबईत. एवढं करूनही स्टडी स्किल्सला एक कमीच पडला. शेवटी बाबांचं नाव लिहिलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या वर्गात जिवंत माणसंही त्यांच्यासारखीच बसलेली असतात.

सह्या करताना समोरच्या हॉस्टेलातल्या दोन मलयाळी नर्सेस खिडकीशी आल्या. इटालियनचं विचारत होत्या, संध्याकाळची बॅच आहे का म्हणून. मी कामात होतो. सोमवारी या म्हटलं.

२१ जुलै, सोमवार

आत्या आली. खरंच आली. इस्त्रीची साडी, कापडी पिशवीत डबा, दोनशे पानी वही आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. रिसेप्शनवर कानडीत विचारलं, माझं नाव चार ठिकाणी आहे, आधी कुठं बसू?

आधी माझ्याच वर्गात बसली. मी कागद वाटले: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? बाकीच्यांनी मॅनेजर, सीनियर मॅनेजर असं लिहिलं. आत्याने लिहिलं, "तुम्ही दोघं भाऊ मला कुठे ठेवणार त्यावर आहे." मी वर बरोबरची खूण केली, सगळ्यांना करतो तशी.

इटालियन तिला आवडलं. शिकवायला मनस्विनी आहे, पुण्याची, अठ्ठावीसची. कोरमंगलाच्या पीजीतून दोन बसेस बदलून येते आणि आल्यावर दहा मिनिटं नुसती बसून राहते. वर्ग सुटल्यावर ती मला म्हणाली, "सर, तुमच्या आत्या अमेझिंग आहेत. म्हणतात, इटालियन म्हणजे कानडी माणसाचं इंग्रजी. प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर. बस्सु, कारु, तसंच. मी तीन महिने हे समजवायचा प्रयत्न करतेय लोकांना."

२९ जुलै

आत्याने दोन कोर्स सोडले. स्टडी स्किल्सबद्दल म्हणाली, "वाचलेल्याखाली रेघा कशा मारायच्या ते शिकवतात. वाचायला कधी लावणार?" माझा कोर्स का सोडला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन्हीकडे तिच्या सह्या मी करतोय, तेव्हा फरक काही पडत नाही.

नर्सेस परत आल्या होत्या. आज चौघी. नेमका झेरॉक्सचा माणूस बसला होता.

पॅरालीगलला मात्र ती रोज. तिथे प्रेमा मॅडम आहेत, कोर्टात तीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत. काल आत्याला म्हणाल्या, "गोदूबाई, तुमी स्वल्प आधी यायला पायजे होतं." आत्या म्हणाली, "नववीतनंच काढलं मला, मॅडम. भावाला शिकवायचं होतं." दोघी एकदमच हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

४ ऑगस्ट, सोमवार

दादाने पुण्याहून कागद पाठवले. घर बिल्डरला द्यायचं चाललंय. निम्मं घर आत्याचं, निम्मं बाबांचं, आईही आता नाही, म्हणून आम्हा दोघा भावांचं. तिने हक्कसोडपत्र केलं की सगळं सोपं. दादा फोनवर म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे रे. आधी मसुद्याच्या पानापानावर तिच्या सह्या घेऊन ठेव, म्हणजे मनाची तयारी होते. मी आलो की सब-रजिस्ट्रारकडे नेऊ. तुला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. बाल्कनीसकट."

"आणि आत्या?"

"आपल्यातच ना. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे."

"वहिनीला विचारलंस?"

"तेवढं नंतर बघू."

दादाचं डोकं नेहमी पुढचं बघतं. संध्याकाळी चहाबरोबर कागद आत्यापुढे ठेवले. पेन्सिलीने फुल्याही मारून दिल्या होत्या, इथे, इथे आणि इथे. ती म्हणाली, "ठेव तिथं. चष्मा सापडेना." चष्मा तिच्या डोक्यावर होता. वय झालं की असं होतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

हे आजच लिहून टाकतो. उद्या लिहायला बसलो तर जरा बरं करून लिहीन.

प्रेमा मॅडमनी गृहपाठ दिला होता: घरातला एखादा खरा कागद आणा. मी मागच्या बाकावर बसून डोकी मोजत होतो. आत्याने पिशवीतून कागद काढला. नावांवर तिने पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मॅडमनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि एकेकाला एकेक परिच्छेद वाचायला लावला. दुसऱ्या परिच्छेदाला मला पेन्सिलीच्या फुल्या दिसल्या.

वर्गात एक रिक्षावाले अण्णा आहेत, मुलीच्या केससाठी कायदा शिकतात. ते म्हणाले, "मॅडम, या बाईला काहीच मिळत नाही. घर नाही, खोली नाही. मरेपर्यंत राहायचा हक्कसुद्धा नाही. ही सही कशाला करते?"

"बाईला इंग्लिश येत नसेल," दुसरी कुणी म्हणाली.

"मग हे तिच्यासमोर ठेवणारा कोण आहे?"

"पुतण्या," आत्या म्हणाली.

"कळ्ळा," अण्णा म्हणाले. म्हणजे चोर.

"नाही हो," आत्या म्हणाली. "चोर नाही. आळशी आहे."

सगळे हसले. तिने मागे वळून बघितलं नाही. मी डोकी पुन्हा मोजली. बारा होती. मग अकरा. मग बाहेर आलो.

१४ ऑगस्ट

काल एक गोष्ट लिहायची टाळली. पहिलं पान मी वाचलं होतं. दुसरं वाचलं तर काहीतरी करावं लागेल हे पहिल्यावरूनच कळत होतं, म्हणून घडी घातली. आणि बाल्कनी मला हवी होती.

घरी आत्या नेहमीसारखीच. आमटी, भात, घेवडा. कागदाबद्दल एक शब्द नाही. मीही काढला नाही. भात जास्त वाढला तर खाऊन टाकला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तपासणी झाली.

दोघं आले होते, एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थ चहा प्यायले. बाईंनी चारही हजेरीपट मागितले आणि सरळ पॅरालीगलच्या वर्गात गेल्या, कारण तिथेच आवाज येत होता. मागोमाग उमाकांत सर, मागोमाग मी.

"गोदूबाई कोण?"

आत्या उभी राहिली.

"चारही कोर्सला तुमची शंभर टक्के हजेरी आहे. स्टडी स्किल्सला येता?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. "येते," ती म्हणाली.

बाईंनी पट तिच्यापुढे धरला. "ही सही तुमची? इंग्रजीत आहे. इथल्या पटावर तर तुम्ही मराठीत करता."

"घाईत असले की इंग्रजीत करते."

गोदूआत्या माझ्यासाठी खोटं बोलली. कायद्याच्या वर्गात, प्रेमा मॅडमसमोर. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं.

मग पट परत देताना तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. बाईंच्या ते लक्षात आलं.

"दामोदर. हे कोण, तुमच्या घरातले?"

"धाकटा भाऊ."

"ब्याण्णव टक्के हजेरी आहे. आज कुठे आहेत?"

"सहा वर्षं झाली त्याला जाऊन," आत्या म्हणाली आणि खाली बसली. वही उघडली. आजची तारीख घातली. मग खोडून पुन्हा घातली.

कॉरिडॉरमध्ये उमाकांत सर माझ्याशी फक्त मराठीत बोलले.

२३ ऑगस्ट

नोकरी गेली. पत्रात 'गंभीर अनियमितता' असं लिहिलंय. शब्द चांगला आहे.

दुपारी आत्याशी भांडलो. म्हणजे मी भांडलो. थोडं रेटून नेलं असतंस तर काय बिघडलं असतं, वगैरे.

ती म्हणाली, "नेत होते की रेटून. माझं नाव तू चार ठिकाणी लिहिलंस, चौदा ठिकाणी लिही. दामूला कशाला ओढलंस?"

"एक कमी पडत होता."

"तो जन्मभर सगळ्यांना कमीच पडत होता. तुझ्या आजोबांना कमी पडला, कारखान्यात कमी पडला, तुझ्या आईला पडला. त्याला शिकवायला म्हणून मला घरी बसवलं, तर तिथंही एका विषयात कमी पडला." तिने पदराने चष्मा पुसला. "मेल्यावर तरी सोडायचंस त्याला."

मला बाबांचं हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारण्यातला नाही.

३० ऑगस्ट

मनस्विनीचा फोन. मला वाटलं सांत्वनाला केला असेल, म्हणून आवाज जरा खोल लावला.

"सर, तुम्हाला सांगायचं होतं, इटालियन बंद होत नाहीये. समोरच्या हॉस्टेलमधल्या नर्सेस आहेत ना, त्यांना तिकडच्या हॉस्पिटलांमध्ये जायचंय. एकोणीस जणींनी ॲडमिशन घेतली. त्या म्हणाल्या, जुलैपासून विचारत होतो, पण खिडकीतले सर बिझी असायचे."

पॅरालीगलही चालू राहणार, रिक्षावाल्या अण्णांनी स्टँडवरचे चौघे आणले. करिअर प्लॅनिंग आणि स्टडी स्किल्स बंद. त्यांची चौकशी करायला कुणी आलं नाही.

म्हणजे दीड महिना मी ज्या सह्या करत बसलो, त्या वेळात नुसती खिडकी उघडी ठेवली असती तरी चाललं असतं. आळशी म्हणते ती, पण एवढे कष्ट मी उभ्या आयुष्यात केले नव्हते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादा आला. सकाळच्या विमानाने, हातात बाकरवडी. दुपारी सब-रजिस्ट्रारकडे जायचं ठरवूनच आला होता. नोकरीबद्दल बोलला, "बरं झालं एका अर्थी. आता तुला फ्लॅटची गरज जास्त."

जेवणं झाल्यावर आत्याने कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. सही नव्हती.

"वाचून दाखव," ती म्हणाली. "मराठीत सांग. मोठ्यानं."

"अगं, ही कायद्याची भाषा आहे. सारांश सांगतो."

"सारांश नको. दुसऱ्या परिच्छेदापासून."

दादा वाचायला लागला. मराठीत आणताना तो अडखळत होता. "म्हणजे... तू, गोदूबाई, या मिळकतीतला तुझा हिस्सा... कायमचा सोडून देतेस. आमच्या नावे."

"किती हिस्सा?"

"निम्मा."

"कशाच्या बदल्यात?"

दादाने कागद जवळ धरला, लांब धरला. "ते ठरलेलं वाक्य असतं. नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"माझं प्रेम मला न विचारताच लिहून टाकलंत?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पुढं वाच."

पुढे तो वाचू शकला नाही. कागद गुडघ्यावर ठेवून बसला. दादा वाईट माणूस नाही. लहानपणी मला ताप आला की उशाशी बसून गणितं घालायचा. त्याला कुठलीही गोष्ट सुटल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच. आत्याचं काय करायचं हेही त्याने गणितासारखंच सोडवलं होतं.

"नंदू, तू तरी सांग तिला," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, मी पहिलं पान वाचून पुढचं मुद्दाम वाचलं नव्हतं. फ्लॅट मला हवा होता. अजूनही हवाय. पण मी हिची सही घेणार नाही."

"नोकरी नाही तुझ्याकडे. राहशील कुठे?"

माझ्या हातून जन्मात एकदा बरोबर गोष्ट झाली आणि तिला पुढचं वाक्यच नव्हतं.

आत्या म्हणाली, "शुभू, घर पाडायला माझी हरकत नाही. न्हाणीघराची भिंत नाहीतरी पडायलाच आलीय. पण निम्मं माझं, ते माझ्या नावानं राहील. बांधून होईतो मी कुठं राहणार ते आधी लिहून येईल. इथंच राहणार, याच गल्लीत. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं असं व्हायला मी काय शाळेचं वेळापत्रक आहे? मसुदा मी करीन, प्रेमा मॅडम तपासतील. तुला पटला तर सही कर."

दादाने कागदाची घडी घातली. "बरंच शिकलीस."

"स्वल्प," आत्या म्हणाली.

तो संध्याकाळच्या विमानाने गेला. दाराशी वाकून नमस्कार केला तिला. उठताना डोळ्यांना हात लावला, का नुसता चष्मा सारखा केला, ते अंगणात उभं राहून मला दिसलं नाही. बाकरवडी ठेवून गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रेमा मॅडमनी सब-रजिस्ट्रार ऑफिससमोर एक टेबल टाकलंय. सहीला आलेल्या बायकांना कागद आधी वाचून दाखवायचा, त्यांच्या भाषेत. कानडी, मराठी, हिंदी आत्या बघणार; मंगळवार आणि शुक्रवार. या शुक्रवारी पहिला दिवस झाला. पाय दुखले म्हणाली. एक बाई सही न करताच घरी गेली म्हणाली, आणि दोनदा भात घेतला.

मी तीन ठिकाणी अर्ज केलेत. आधीची नोकरी का सोडली, या रकान्यात 'काढलं' असं लिहिलं. अजून कुणी बोलावलेलं नाही.

आज आत्याने माझ्यापुढे कागद ठेवला. तिचा नवा गृहपाठ: खऱ्या माणसाशी खरा करार. घरमालकीण गोदूबाई, राहणारा नंदकुमार, मुदत अकरा महिने. कलम तीन, राहणारा रविवारी स्वयंपाक करेल. कलम पाच, दारात कुणी काही विचारायला आलं तर राहणारा त्याच क्षणी उत्तर देईल, सोमवारी या म्हणणार नाही. कलम आठ, मालकीण मेल्यास तिचं नाव कुठल्याही कोर्सला घालू नये.

मी खाली बसून सगळं वाचलं. दीड तास लागला, अक्षर बारीक आहे. कलम सहाशी अडलो.

"'मालकीण आजारी पडल्यास राहणारा बघेल.' आणि राहणारा आजारी पडला तर?"

तिने कागद ओढून घेतला, वाचला. "राहिलं खरं. घाल."

मी माझ्या हाताने घातलं. दोघांनी बाजूला आद्याक्षरं केली, मॅडमनी शिकवलंय तसं. मग रविवारच्या स्वयंपाकावर घासाघीस झाली. मी पंधरवड्यातून एकदा म्हणालो, तिने आमटी मला माफ केली, बाकी तसंच ठेवलं.

"अकरा महिन्यांनी काय?"

"बघू, कसा वागतोस ते," ती म्हणाली. "आता ऊठ. रविवार आहे. तांदूळ निळ्या डब्यात आहेत, दोन वेळा धू."